पुनर्विकासासाठी जागा घेताना शहराने पर्यावरणीय चौकशी कधी आणि कशी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहराच्या पुनर्विकास समितीवर आपण नागरिक-सदस्य आहात. शहर जुन्या वस्त्यांमधील ओस पडलेली घरे, मोकळे भूखंड आणि कोपऱ्यावरची बंद दुकाने एकेक करून विकत घेत आहे, आणि ‘शहराने घेतलेल्या प्रत्येक जागेची फेज वन पर्यावरणीय पाहणी झालीच पाहिजे’ असा एका वाक्याचा धोरण-मसुदा समितीपुढे आला आहे. (फेज वन म्हणजे नमुने न घेता, कागदपत्रे, मुलाखती आणि प्रत्यक्ष भेट यांवरून जागेच्या दूषणाची केलेली पहिली चौकशी.) काही सदस्यांना हा अतिरेक वाटतो. नियम कारखान्यांच्या जागांपुरता ठेवावा आणि राहत्या घरांना वगळावे, असे त्यांचे म्हणणे आहे. यातले योग्य काय, असे आपण विचारले आहे.

मसुद्याची दिशा बरोबर आहे, परंतु त्यात दोन गोष्टी लिहिलेल्याच नाहीत आणि नेमक्या त्या दोनच निर्णायक आहेत. एक, पाहणी केव्हा व्हावी. आणि दोन, पाहणीचा निष्कर्ष प्रतिकूल आला तर व्यवहार थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असावा. शहराने पाहणी केलीच नाही म्हणून बिघडलेली प्रकरणे माझ्या व्यवसायात तुलनेने कमी दिसतात. सौदा मनोमन पक्का झाल्यावर पाहणी झाली, अहवाल आला, तो फायलीला लागला आणि ठरल्या दिवशी खरेदीखतावर सह्या झाल्या, अशी प्रकरणे अधिक दिसतात. कोणत्या जागेची पाहणी करावी यावर समितीने जितका वेळ घालवला आहे, तितकाच या दोन मुद्द्यांवर घालवावा अशी माझी सूचना राहील.

आधी कायद्याची चौकट पाहू, कारण तिच्याशिवाय ‘केव्हा’ या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येत नाही. १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहराच्या शिक्षण मंडळाने हूकर केमिकल या कंपनीकडून लव्ह कॅनॉल नावाची जागा एक डॉलरला घेतली. त्या कालव्यात कंपनीने सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला होता, आणि तसा उल्लेख खरेदीखतातच होता. पुढे काही इजा झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही, असे कलमही त्यात होते. तरीही तिथे शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली, आणि १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. धोका कोणाला ठाऊकच नव्हता, असे या प्रकरणात म्हणता येत नाही. तो दस्तात लिहिलेला होता, पण तो वाचून निर्णय बदलणे हे कोणाचेही नेमून दिलेले काम नव्हते.

त्यानंतर डिसेंबर १९८० मध्ये सर्क्ला हा कायदा आला. सुपरफंड या नावाने तो अधिक ओळखला जातो. त्याचा गाभा असा की दूषित जागेचा आजचा मालक हा केवळ मालक आहे म्हणून सफाईच्या खर्चाला जबाबदार धरला जाऊ शकतो. दूषण त्याने केले की पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्याने, हा प्रश्न गौण ठरतो. स्वखुशीने जागा विकत घेणारे शहरही याला अपवाद नाही. या कडकपणामुळे जुन्या औद्योगिक जागांना कोणी हात लावेनासे झाले, म्हणून २००२ च्या दुरुस्तीने प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण दिले. दूषण आहे हे माहीत असूनही जागा घेता येते, मात्र ते दूषण खरेदीपूर्वीचे असले पाहिजे, जबाबदार पक्षाशी खरेदीदाराचे लागेबांधे नसले पाहिजेत, आणि खरेदीपूर्वी ‘ऑल अप्रोप्रिएट इन्क्वायरीज’ (सर्व योग्य त्या चौकश्या) या नियमाप्रमाणे चौकशी झालेली असली पाहिजे. हा नियम नोव्हेंबर २००६ पासून लागू आहे. एएसटीएम या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ई १५२७ या मानकानुसार केलेली फेज वन पाहणी ही त्याची पूर्तता मानली जाते. सध्या ई १५२७-२१ ही आवृत्ती चालते. त्याआधीच्या २०१३ च्या आवृत्तीची मान्यता फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली. शहराच्या करारनाम्यांच्या जुन्या नमुन्यांत अजूनही ‘१३’ छापलेले आढळते, तेव्हा ते एकदा तपासून घ्यावे.

यातील ‘खरेदीपूर्वी’ हा शब्द शब्दशः घ्यायचा आहे. खरेदीखत झाल्यावर दुसऱ्या दिवशी केलेली अत्यंत काटेकोर पाहणीसुद्धा हे संरक्षण मिळवून देत नाही. शिवाय चौकशीला मुदत असते. मालक व रहिवाशांच्या मुलाखती, जागेवरील पर्यावरणीय बोजांचा (सफाईच्या खर्चापोटी जागेवर नोंदलेल्या हक्कांचा) शोध, सरकारी नोंदींची तपासणी, प्रत्यक्ष पाहणी आणि तज्ज्ञाचे प्रतिज्ञापन ही पाच अंगे खरेदीच्या तारखेपूर्वी १८० दिवसांच्या आतली असावी लागतात. यातील सर्वांत जुने अंग केव्हाचे आहे, त्यावरून मुदत मोजली जाते. अहवालाच्या मुखपृष्ठावरची तारीख त्यासाठी धरत नाहीत. शहराचे व्यवहार मंजुऱ्यांच्या फेऱ्यांत सात-आठ महिने सहज रेंगाळतात, आणि मग मार्चमध्ये केलेल्या पाहणीवर नोव्हेंबरमध्ये खरेदीखत होते. म्हणून या पाचही तारखा आणि मुदत संपण्याचा दिवस ठरावाच्या पहिल्या पानावर नोंदवण्याची अट धोरणात असावी. खर्च शून्य, आणि उपयोग मोठा.

संघीय अनुदानाचाही संबंध येथेच येतो. ईपीएच्या, म्हणजे संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, ब्राउनफील्ड (दूषित किंवा दूषणाची शंका असलेल्या जुन्या जागांच्या) अनुदानासाठी शहर स्वतः त्या जागेच्या दूषणाला जबाबदार पक्ष असून चालत नाही. चौकशी न करता स्वखुशीने जागा घेतली तर जबाबदारी अंगावर येते आणि सफाईसाठी मिळू शकणाऱ्या पैशाचे दारही बंद होते. फेज वनचे दोन ते पाच हजार डॉलर वाचवण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्यांनी हा हिशेब पुरता मांडलेला नसतो.

आता घरांविषयी. घर विकत घेणाऱ्या खासगी व्यक्तीला जागेची पाहणी आणि मालकीहक्काचा शोध एवढ्यावर कायदा सूट देतो. ती सूट शहराने आपली समजू नये. पुनर्विकासासाठी घरे घेणारे शहर बिऱ्हाड थाटायला घर घेत नसते, आणि ज्याचा अर्थ उद्या न्यायालयात वेगळा लागू शकेल अशा कलमावर धोरण उभारणे शहाणपणाचे नाही. कायदा बाजूला ठेवला तरी घरांना सरसकट वगळणे अयोग्य आहे, कारण जुन्या वस्तीत ‘घर’ हा जागेचा आजचा उपयोग असतो. त्याआधी तिथे काय होते, हे घराकडे पाहून कळत नाही.

इंडियाना राज्यातील ईस्ट शिकागो शहरात वेस्ट कॅल्युमेट ही सार्वजनिक गृहवसाहत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधली गेली, ती शिसे शुद्ध करण्याच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर. २००९ मध्ये तो परिसर सुपरफंडच्या राष्ट्रीय यादीत आला, आणि २०१६ मध्ये हजाराहून अधिक रहिवाशांना, त्यांत शेकडो मुलांना, घरे सोडण्यास सांगावे लागले. जागेचा पूर्वेतिहास काही गुप्त नव्हता. कारखाना ही काही कपाटात दडवता येणारी वस्तू नव्हे. तो जुन्या नकाशांत आणि निर्देशिकांत (पत्ते व व्यवसायांच्या छापील सूचींत) नाव-गावासह नोंदलेला असतो.

यासाठीच मी समितीला जागांची वर्गवारी किमतीवरून, आकारावरून किंवा आजच्या वापरावरून न करता पूर्वेतिहासावरून करण्याचा आग्रह धरीन. सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविमा नकाशे १८६७ पासून निघू लागले. बहुतेक अमेरिकन शहरांच्या जुन्या वस्त्या त्यांत घरटी उतरलेल्या आहेत. इमारत विटांची की लाकडी, तळमजल्यावर दुकान की तबेला, हे सर्व त्यात रंगांनी आणि खुणांनी दाखवलेले असते. आज जिथे गवत माजलेला चाळीस फुटी मोकळा भूखंड आहे, तिथे १९५० च्या पानावर लहानसे वर्तुळ आणि त्याशेजारी ‘जी.टी.’ (गॅसोलिन टँक) ही अक्षरे दिसली, तर जमिनीखाली पेट्रोलची टाकी होती आणि कदाचित अजूनही आहे, असे समजावे. शेजारच्या चौकोनात ‘ड्राय क्लीनिंग’ लिहिलेले असेल तर प्रकरण अधिक गंभीर. नकाशांच्या जोडीला शहराच्या जुन्या निर्देशिका आणि १९३० च्या दशकापासूनची हवाई छायाचित्रे वाचली की बहुतेक भूखंडांचा शंभर वर्षांचा आलेख हाती येतो.

हे काम भूखंडागणिक नव्याने करण्याऐवजी शहराने संपूर्ण वस्तीसाठी एकदाच करून नकाशावर चढवावे. पुढच्या प्रत्येक खरेदीची फेज वन त्यामुळे अधिक जलद आणि स्वस्त होते. लागून असलेले भूखंड एकत्र घेत असल्यास त्यांचा एकच अहवालही करता येतो. मात्र हा वस्ती-अभ्यास फेज वनची जागा घेत नाही, हे धोरणात स्पष्ट लिहावे, कारण वर्षभरात कोणीतरी नेमकी तीच पळवाट काढते.

कोपऱ्यावरच्या दुकानांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या यादीत खरी जोखीम तिथे आहे. ड्राय क्लीनिंगमध्ये वापरले जाणारे पर्क हे द्रावक पाण्यापेक्षा जड असते. ते फरशीच्या भेगांतून, गटाराच्या सांध्यांतून खाली उतरते, भूजलात बुडते आणि वर्षानुवर्षे तिथे राहते. त्याची वाफ मातीतून वर येऊन शेजारच्या घरांच्या तळघरात शिरते. म्हणजे शहराने विकत घेतलेला भूखंड स्वतः निर्दोष असला तरी दोन दारे पलीकडे पूर्वी असे दुकान होते म्हणून नव्या घराखाली वाफ रोखणारा पडदा आणि हवा खेचणारी नळी बसवावी लागू शकते. ई १५२७ मानकात वाफेच्या स्वरूपातील स्थलांतरही तपासणे अपेक्षित आहे, तरी घाईच्या अहवालात याला एका वाक्यात वाटेला लावलेले दिसते. तसे दिसले तर अहवाल परत पाठवावा.

जुन्या पेट्रोल पंपाची गोष्ट वेगळी आहे. सर्क्लामधील ‘घातक पदार्थ’ या व्याख्येतून पेट्रोलियम वगळलेले आहे. त्यामुळे टाकीतून गळालेल्या पेट्रोलच्या बाबतीत सर्क्लाची जबाबदारीही नसते आणि वर सांगितलेले संरक्षणही नसते. तिथे राज्याचा टाकी-कायदा आणि असल्यास राज्याचा टाकी-निधी लागू होतो. पण पंपाला जोडून गॅरेज असेल, तिथे यंत्रभाग धुण्याची द्रावके आणि वापरलेले तेल मागच्या अंगणात ओतले गेले असेल, तर तेवढ्या भागाला सर्क्ला लागू होऊ शकतो. एकाच भूखंडावर असे दोन वेगळे कायदे चालतात, तेव्हा नगर वकिलांनी अहवाल स्वतः वाचणे आवश्यक आहे. घरांना उब देण्यासाठी जमिनीत पुरलेल्या तेलाच्या टाक्यांचे आणखी निराळेच आहे. जागेवरच वापरायच्या तेलाच्या या टाक्या संघीय टाकी-नियमांतून वगळलेल्या असल्याने त्या संघीय नियमांखालील नोंदींत सापडत नाहीत. घराच्या बाजूच्या भिंतीशी गुडघाभर उंचीवर वाकलेली गंजकी नळी आणि तिच्यापासून काही फुटांवर गवतात लपलेले लोखंडी झाकण, एवढ्याच तिच्या खुणा असतात. त्या प्रत्यक्ष जाऊन, पावसाळी बूट घालून, घराला पूर्ण फेरी मारणाऱ्यालाच दिसतात.

फेज वनमध्ये मातीचा किंवा पाण्याचा एकही नमुना घेतला जात नाही, हे समितीतील सर्वांना ठाऊक आहे ना, याची खात्री करून घ्यावी. ती कागद, मुलाखती आणि नजर यांवर आधारलेली चौकशी आहे. तिचा निष्कर्ष ‘आरईसी आढळली’ किंवा ‘आढळली नाही’ असा येतो. आरईसी म्हणजे दूषणाचे दखलपात्र लक्षण. नमुने घेण्याचे काम फेज टूमध्ये होते आणि त्याचा खर्च दहा हजारांपासून कित्येक दहा हजार डॉलरपर्यंत जातो.

तसेच या मानकाच्या मूळ व्याप्तीत ॲस्बेस्टॉस, शिसेयुक्त रंग, रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू आणि बुरशी येत नाहीत. पाडायच्या किंवा दुरुस्त करायच्या जुन्या घरांत खर्च नेमका याच गोष्टींवर होतो, म्हणून त्यांची तपासणी धोरणाने स्वतंत्रपणे मागितली पाहिजे. येथे एक खाचखळगा आहे. ॲस्बेस्टॉसविषयीच्या संघीय नियमात चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या निवासी इमारतीला सूट आहे. परंतु एकाच प्रकल्पाचा भाग म्हणून शहर अशी अनेक घरे पाडते, तेव्हा त्या सुटीवर विसंबता येत नाही. पाडकामापूर्वी तपासणी आणि दहा कामाचे दिवस आधी सूचना द्यावी लागते. मातीतील शिशाच्या बाबतीत जुना ४०० पीपीएमचा (दशलक्ष भागांत ४०० भाग) आकडा मनात धरून चालू नये. ईपीएने जानेवारी २०२४ मध्ये निवासी जागांसाठी चाळणीची पातळी (जिच्यापुढे अधिक तपास करावा लागतो ती) २०० पीपीएमवर आणली, आणि जुन्या रंगाच्या घरांभोवतीची माती ती पातळी सहज ओलांडते. त्याच वर्षी जुलैपासून पीएफओए आणि पीएफओएस ही दोन रसायनेही सर्क्लाखालील घातक पदार्थ ठरली. पूर्वी जिथे अग्निशमनाचा फेस वापरला गेला असेल अशा जागांचे त्यापूर्वीचे अहवाल त्यामुळे अपुरे ठरतात.

चौकशीत शहराला स्वतःलाही काही उत्तरे द्यावी लागतात. मानकानुसार अहवाल ज्याच्यासाठी होतो त्याने पर्यावरणीय बोजा, वापरावरील निर्बंध, स्वतःची विशेष माहिती आणि किंमत बाजारभावापेक्षा कमी असल्यास त्याचे कारण, याविषयी सांगायचे असते. यासाठीचा प्रश्नपत्रक-नमुना शहराच्या मालमत्ता कार्यालयात जातो आणि तिथून प्रत्येक रकान्यात ‘माहीत नाही’ असे लिहून परत येतो. भरणारा कारकून खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच माहीत नसते. पण त्याच इमारतीत अग्निशमन खात्याकडे टाक्यांचे परवाने असतात, बांधकाम खात्याकडे घर तापवण्याची भट्टी बदलल्याची नोंद असते, आणि सार्वजनिक बांधकामवाल्यांना अमुक गल्लीत खोदताना उग्र वास आला होता हे तोंडपाठ असते. शहर ही कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती आहे. एका खात्याचे ज्ञान दुसऱ्याला नव्हते, हा बचाव मला तरी फार भरवशाचा वाटत नाही. म्हणून हे पत्रक चारही खात्यांत फिरवून, प्रत्येकाची सही घेऊनच परत जावे, असा नियम करावा. बाजारभावापेक्षा स्वस्तात किंवा दान म्हणून मिळणाऱ्या जागेबाबत तर हे पत्रक भरल्याशिवाय बोलणीच सुरू करू नयेत. दानाची जागा नाकारणे राजकीयदृष्ट्या अवघड असते, आणि हे दात्यालाही ठाऊक असते.

आता वेळेचा मुद्दा. पाहणी साठेकरारानंतर आणि नगर परिषदेच्या अंतिम मंजुरीपूर्वी व्हावी. त्यासाठी साठेकरारातच तरतूद हवी: जागेत प्रवेशाचा आणि गरज पडल्यास नमुने घेण्याचा हक्क, त्यासाठी साठ ते नव्वद दिवसांची मुदत, आणि निष्कर्ष समाधानकारक नसल्यास इसार परत घेऊन व्यवहारातून बाहेर पडण्याची मुभा. विक्रेते फेज वनला सहसा हरकत घेत नाहीत, फेज टूला घेतात. दूषण आढळले तर अनेक राज्यांत ते कळवण्याचे बंधन असते आणि सौदा फिसकटला तरी ती माहिती राहते, ही त्यांची भीती रास्त आहे. तिचा विचार करून नमुन्यांचे निष्कर्ष कोणाचे आणि ते कोणी कळवायचे, हे आधीच लिहून ठेवावे. तरीही विक्रेता नकार देत असेल, तर तो नकार हीच एक माहिती समजावी.

प्रकल्पात हडचा, म्हणजे संघीय गृहनिर्माण व नगरविकास खात्याचा, पैसा येणार असेल तर वेळेचे बंधन आणखी कडक होते. हडच्या भाग ५८ च्या नियमांनुसार सामुदायिक विकास अनुदानाच्या प्रकल्पांत पर्यावरणीय पुनरावलोकन शहराने स्वतः करायचे असते, आणि ते पूर्ण होईपर्यंत पर्याय बंद करणारी कोणतीही कृती करता येत नाही. खरेदी ही तशी कृती आहे. आधी शहराच्या स्वतःच्या पैशाने जागा घेऊन टाकू आणि मागाहून संघीय निधी लावू, ही युक्तीही या नियमात बसत नाही, कारण प्रकल्प संघीय ठरल्यावर बिगर-हड पैशालाही तेच बंधन असते. नाममात्र रकमेचा पर्याय-करार, म्हणजे पुढे जागा घेण्याचा हक्क राखून ठेवणारा करार, मात्र करता येतो. शिवाय पाच किंवा अधिक बिऱ्हाडांच्या निवासी इमारतींसाठी जागेच्या पूर्वीच्या उपयोगांचा विचार या पुनरावलोकनात करावाच लागतो. फेज वन आणि भाग ५८ चे पुनरावलोकन ही दोन वेगळी कामे आहेत. एक केले म्हणजे दुसरे झाले, असा समज अनुभवी अधिकाऱ्यांतही आढळतो.

निर्णय कोणी घ्यायचा, याविषयी माझी सूचना स्पष्ट आहे. अहवालात आरईसी नसेल तर नेहमीची प्रशासकीय मंजुरी पुरे. आरईसी असेल तर मालमत्ता अधिकाऱ्याला किंवा पुनर्विकास संचालकाला सही करण्याचा अधिकार राहू नये. फेज टू करून, सफाईचा अंदाजी खर्च काढून, तो कोणत्या निधीतून येणार हे लिहून, प्रस्ताव नगर परिषदेपुढे उघड सभेत जावा, आणि परिषदेने ‘हे माहीत असून आम्ही घेत आहोत’ असा ठराव करावा. दूषित जागा घेऊच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. उलट अशा जागांना खासगी खरेदीदार मिळत नाही म्हणूनच त्या शहराने घ्यायच्या असतात. शहराने किंमत ठरवताना मात्र मूल्यांकन जागा स्वच्छ आहे असे धरून केलेले आहे का, हे पाहिले पाहिजे. तसे असेल तर शहर दूषणाचे पैसे दोनदा मोजते, एकदा विक्रेत्याला आणि एकदा सफाई करणाऱ्याला.

खरेदीनंतरही काम संपत नाही, आणि मसुद्यात याविषयी एक अक्षर नाही. प्रामाणिक खरेदीदाराचे संरक्षण टिकवण्यासाठी वाजवी काळजी घेत राहावी लागते. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे खतकारखान्याची जुनी जागा पुनर्विकासासाठी घेणाऱ्या ॲशले टू या कंपनीने चौकशीची अट पूर्ण केल्याचे न्यायालयाने मानले होते. तरीही तिचे संरक्षण गेले. जमिनीवरची बांधकामे पाडताना खालचे सांडपाण्याचे हौद साफ करून बुजवायला हवे होते, ते तसेच राहिले, हे त्याचे एक मुख्य कारण ठरले. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. शहरांना हे लागू पडते, कारण शहरे पाडकाम करतात. घर पाडून त्याचाच राडारोडा तळघरात लोटायचा आणि वर माती पसरायची, ही जुनी रीत कित्येक मोकळ्या भूखंडांखाली आजही पुरलेली आहे; तीत शिसे, ॲस्बेस्टॉस आणि कधी तेलाची टाकीही असते. म्हणून अहवालातील प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार खाते आणि तारीख लिहावी, आणि अहवालाची प्रत पाडकामाच्या ठेकेदारापर्यंत पोहोचावी. एका भूखंडावरची माती दुसऱ्यावर भरणीला नेण्यास मनाई असावी, कारण दूषित माती हलवणे हीदेखील नव्याने केलेली विल्हेवाट ठरू शकते आणि मग शहर प्रामाणिक खरेदीदार न राहता दूषक ठरते.

शेवटचा भाग आपण विचारलेला नाही, पण समितीत निघेलच: थकीत करापोटी शहराकडे आलेल्या जागांचे काय? शहराने सार्वभौम अधिकारात, म्हणजे करथकबाकी, बेवारस मालमत्ता किंवा दिवाळखोरी यांमुळे मिळवलेल्या जागांना सर्क्लात स्वतंत्र सूट आहे, आणि २०१८ च्या बिल्ड कायद्याने ‘अनिच्छेने’ ही अट काढून ती अधिक रुंद केली. पण शहराने स्वतः दूषणात भर घातली तर ती जाते. म्हणून या जागांना खरेदीपूर्व फेज वनच्या सक्तीतून वगळता येईल. पाडकामापूर्वी आणि कोणालाही विकण्या-भाड्याने देण्यापूर्वी मात्र तितकीच चौकशी मागावी.

आणि शहराने याआधीच, काहीही न तपासता, स्वखुशीने विकत घेतलेल्या ज्या जागा आहेत, त्यांच्यासाठी गेलेले संरक्षण परत मिळवता येत नाही. त्या जागा कोणत्या मार्गाने मिळाल्या याची यादी नगर वकिलांकडून करून घ्यावी, जुन्या नकाशांशी ती ताडून पाहावी, आणि राज्याच्या ऐच्छिक सफाई कार्यक्रमात कोणत्या घालता येतील ते ठरवावे. क्रम लावताना आज जिथे भाडेकरू राहत आहेत किंवा मुले खेळतात अशा जागा आधी घ्याव्यात, आणि तिथल्या मातीचे नमुने धोरण मंजूर होण्याची वाट न पाहता घ्यावेत.